गोलची वेळ आगाऊ कळवावी

एग्बर्ट पीटरनेला यांनी अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात स्वतःच्या हाताने एकही फटाका लावला नव्हता. ते कुरासाव बेटावर ओत्रोबांद्यातल्या एका शाळेत गणित शिकवत आणि उपमुख्याध्यापकही होते. उपमुख्याध्यापकाने फटाके लावायचे नसतात, जप्त करायचे असतात, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या कपाटात गेल्या वीस वर्षांतला जप्त माल वर्षवार लावून ठेवलेला होता. असा माणूस जून महिन्यात भर रस्त्यात लाखाची माळ लावायला निघाला, याला कारण त्यांचे वडील.

पापांचं वय एकोणनव्वद. तरुणपणी ते बेटाच्या संघातून डावीकडून खेळत आणि बरे खेळत, असं ते स्वतः सांगत. त्यांच्याबरोबर खेळलेले बाकीचे सगळे वारल्यामुळे या विधानाला विरोध करणारं कुणी उरलं नव्हतं. आता कान पूर्ण गेले होते आणि डोळ्यांना जवळचं माणूस ओळखू येई, पण टीव्हीवरचा चेंडू गेल्या सहा वर्षांत दिसलेला नव्हता. घरात एक पाटी होती. तिच्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि पापांच्या नाकासमोर धरायचं, अशी पद्धत होती.

नोव्हेंबरात कुरासावचा संघ विश्वचषकात पोचला तेव्हा एग्बर्टनी पाटीवर तसं लिहिलं. पापांनी विचारलं, किती गोल झाले. एग्बर्टनी शून्य-शून्य लिहिलं. पापांनी पाटी परत दिली. गोल न करता कुणी विश्वचषकात जात नसतं, पाटीवर काय, कुणीही काहीही लिहितं, असं म्हणून ते झोपायला गेले. त्यांना पटायला डिसेंबर उजाडला. वर्षाच्या शेवटी साऱ्या बेटावर दुकानांपुढे, कचेऱ्यांपुढे फटाक्यांच्या लांबच लांब माळा लावतात. त्यांना आमच्याकडे पगारा म्हणतात. पुढच्या वर्षासाठी रस्ता साफ करायचा, इडापिडा पळवायची, हा त्यामागचा हेतू. पगाराचा धमाका पापांना ऐकू येत नसला तरी तळपायातून, खुर्चीच्या हातांतून छातीपर्यंत पोचतो. त्या डिसेंबरात नेहमीपेक्षा तिप्पट माळा लागल्या. पापा व्हरांड्यात डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "म्हणजे खरंच गेलो आपण."

मग जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी एग्बर्टना जवळ बोलावलं. "हे बघ," ते म्हणाले, "पुढचा विश्वचषक काही मी बघत नाही. आपला एक गोल झाला तर तो मला सगळ्यांबरोबर कळला पाहिजे. सगळे नाचून घाम पुसून झाल्यावर तू पाटी घेऊन येणार, ते नको. माळ लाव."

एग्बर्टनी पाटीवर 'बरं' लिहिलं. या एका शब्दाने त्यांचा पुढचा दीड आठवडा खाल्ला.

पहिली अडचण अशी की जूनमध्ये माळ मिळत नाही. शोध घेता घेता एक टायरवाला सापडला. गेल्या डिसेंबरात त्याच्या सासऱ्यांचं निधन झाल्याने दुकानापुढची लाखाची माळ तशीच राहिली होती. ती त्याने जुन्या टायरांच्या मागे ठेवली होती. ती एग्बर्टच्या हवाली करताना त्याने बजावलं, की ती एकदा पेटली की थांबत नाही, सहा मिनिटं चालते, मध्ये कुणाच्या बापालाही थांबवता येत नाही. एग्बर्टनी ती गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा बांधला आणि वीसच्या वेगाने घरी आणली.

दुसरी अडचण परवाना. इतर कुणी असता तर तो माळ लावून मोकळा झाला असता, आणि गल्लीतल्या प्रत्येकाने तोच सल्ला दिला. कोपऱ्यावर पास्तेची नावाच्या करंज्या तळणारा रिगो तर म्हणाला, "मास्तर, विश्वचषकात गोल झाल्यावर तुम्हाला पकडायला येणारा पोलीस आधी स्वतः नाचत असेल." पण एग्बर्ट नियमाने जाणारे गृहस्थ. डिसेंबर सोडून इतर महिन्यांत माळ लावायची तर परवाना लागतो, हे त्यांना पाठ होतं. कारण ते दरवर्षी शाळेत मुलांना बजावत आले होते.

परवाना खात्यात इसेनिया नावाचे अधिकारी होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नाही. त्यांनी अर्ज वाचला. 'कारण' या रकान्यात एग्बर्टनी सुवाच्य अक्षरात 'गोल' असं लिहिलं होतं. छापील कारणं दोनच होती, दुकानाचं उद्घाटन आणि वर्धापनदिन. इसेनियांनी बराच विचार करून 'इतर' या चौकटीवर खूण केली. मग त्यांचं पेन पुढच्या रकान्यावर थांबलं.

"वेळ लिहिलेली नाही, सर."

"गोल होईल तेव्हा."

"ते कळलं. पण कधी होईल?"

एग्बर्टनी समजावून सांगितलं की गोल हा मुळातच आधी न कळणारा प्रकार आहे. इसेनियांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की अग्निशमन दलाला वेळ कळवावी लागते, परवान्याची मुदत जास्तीत जास्त पंधरा मिनिटं असते आणि ती सामन्याला बांधलेली नसून घड्याळाला असते. एग्बर्ट म्हणाले, सामना नव्वद मिनिटांचा असतो. इसेनिया म्हणाले, मग सहा अर्ज करा. पण एका पत्त्यावर महिन्याला एकच अर्ज चालतो. शिवाय शंभर पावलांच्या आतल्या सर्व रहिवाशांच्या सह्या, वाळूच्या दोन बादल्या आणि माळ लावल्यानंतर पूर्तता अहवाल. वेळ ठरली की या, असं म्हणून त्यांनी अर्ज परत दिला आणि जाताना एग्बर्टना सामन्यासाठी शुभेच्छाही दिल्या.

गणिताच्या शिक्षकाला आव्हान आवडतं. एग्बर्टनी दोन रात्री जागून संघाच्या गेल्या दहा वर्षांतल्या प्रत्येक गोलचं मिनिट काढलं आणि आलेख मांडला. आलेखाचा उंचवटा अडुसष्टाव्या मिनिटावर आला. त्यांची पत्नी सुलिंडा आलेख बघून म्हणाली, छान आहे, पण यातले निम्मे गोल आपल्यापेक्षा लहान बेटांवर केलेले दिसतात. एग्बर्टनी तिला आलेखाचे अक्ष नीट समजत नसल्याचं सांगितलं. त्या रात्री त्यांना मक्याच्या पिठाची शिळी फुंची खावी लागली.

सह्या गोळा करताना सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी राहिल्या समोरच्या घरातल्या ओर्सिना तांची, म्हणजे ओर्सिना मावशी. वय शहात्तर, एक पोपट आणि लॉटरीच्या आकड्यांचा चाळीस वर्षांचा अभ्यास. स्वप्नात काय दिसलं म्हणजे कोणता आकडा लावायचा, हे विचारायला अर्धी गल्ली त्यांच्याकडे येई. तांचींनी अर्ज हातात घेतला, चष्मा लावला आणि अडुसष्ट बघून चष्मा काढला. आदल्या रात्री त्यांचे कैलासवासी यजमान स्वप्नात आले होते, हातात मोठा लाल मासा होता, आणि ते काही न बोलता बादलीत बसले होते. मासा, बादली आणि मेलेला नवरा मिळून आकडा होतो सदतीस.

"एग्बर्ट, पोरा," तांची म्हणाल्या, "माझा नवरा जिवंतपणी कधी वेळेवर घरी आला नाही. मेल्यावर वेळ सांगायला आलाय, तर मी ती खोटी पाडू?"

एग्बर्टनी आलेख दाखवला. तांचींनी तो पोपटाला दाखवला. सही हवी असेल तर सदतीसावं मिनिट, नाहीतर पोपटाला धुराचा दमा आहे असं त्या लेखी कळवणार होत्या. बत्तीस वर्षं ज्याने संभाव्यता हा विषय शिकवला, त्या माणसाला एका बादलीतल्या नवऱ्यापुढे माघार घ्यावी लागली. एग्बर्टनी घरी येऊन अर्जातलं अडुसष्ट खोडलं आणि सदतीस लिहिलं.

सामना चारला सुरू होणार होता. परवाना निघाला साडेचार ते पावणेपाच असा, शिक्क्यानिशी. अर्जावर खाली इसेनियांनी टीप लिहिली होती, की नमूद कारण नमूद वेळेत घडलं तरच माळ लावावी, एरवी लावल्यास अर्जदाराचं नाव वर्षभर खात्याच्या फलकावर लावण्यात येईल. त्या खात्यात शाळेतल्या निम्म्या मुलांचे आईबाप खेपा घालत. एग्बर्टनी ती टीप दोनदा वाचली, पापांनी विचारल्यावर पाटीवर उतरवून दाखवली आणि परवान्याला प्लास्टिकचं वेष्टन घातलं.

सामन्याच्या दिवशी रिगोने त्याचा मोठा टीव्ही एग्बर्टच्या फाटकाशी आणून मांडला. सबंध गल्ली निळे कपडे घालून जमली. पापांची खुर्ची व्हरांड्याच्या पायरीशी ठेवली. त्यांनी निळा शर्ट घातला होता आणि पायांतले बूट काढून ठेवले होते, तळवे थेट फरशीवर. रस्त्याच्या मधोमध माळ पसरली होती, दोन्ही टोकांना वाळूच्या बादल्या होत्या आणि एग्बर्ट एका हातात परवाना, दुसऱ्या हातात पेटती उदबत्ती घेऊन उभे होते.

राष्ट्रगीतं लांबली आणि सामना चार वाजून चार मिनिटांनी सुरू झाला. समोरचा देश एवढा मोठा की त्याच्या एका शहरात आपलं सगळं बेट मावलं असतं. दहाव्या मिनिटाला त्यांनी पहिला गोल केला. पण मग आमची पोरं सावरली. पंचवीस मिनिटं होत आली असताना त्यांच्या बचावातल्या एकाचा पाय घसरला आणि आमचा पुढचा खेळाडू चेंडू घेऊन एकटाच सुटला. समोर फक्त गोलरक्षक. गल्लीतली शंभर माणसं टीव्हीकडे पुढे सरकली. एग्बर्टनी घड्याळ बघितलं. चार वाजून अठ्ठावीस मिनिटं.

"आत्ता नको रे," ते मोठ्याने म्हणाले.

चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. शंभर माणसांनी टीव्हीवरची नजर काढून एग्बर्टवर लावली. रिगो म्हणाला, "मास्तर, तुम्ही कुठल्या देशाचे?" एग्बर्टनी परवान्यातली मुदत दाखवायचा प्रयत्न केला, पण त्या क्षणी त्यांची बाजू ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांची त्यांनाच लाज वाटली. आयुष्यभर नियम पाळल्याने माणूस कुठे येऊन पोचतो, हे त्यांना प्रथमच दिसलं.

साडेचार झाले. आता गोल व्हायला शासनाची हरकत नव्हती. सारी गल्ली ओरडू लागली. चार वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली आणि उजवीकडून चेंडू आत आला, गर्दीत कुणाचा तरी पाय लागला आणि जाळं हललं. कुणी किंचाळलं, कुणी रडलं, ओर्सिना तांचींनी 'सदतीस, सदतीस' म्हणत छाती बडवून घेतली, कारण सामन्याचं मिनिट खरोखरच सदतीसावं होतं. एग्बर्ट वाकले आणि अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वातीला उदबत्ती टेकवली.

ते सरळ उभे राहिले तेव्हा पंच कानाला बोट लावून उभा होता.

माळ पेटली होती. टायरवाल्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. रस्ता हादरत होता, लाल कागद उडत होते, कुत्री घराघरांत पलंगाखाली गेली होती, आणि शंभर माणसं कानांवर हात ठेवून, चेहरे पाडून टीव्हीकडे बघत उभी होती. टीव्हीवर एक रेष आली. रेषेच्या पलीकडे आमच्या खेळाडूचा गुडघा होता. गुडघ्यापुरता ऑफसाइड, गोल रद्द. रिगोने वाळूची बादली उचलून माळेवर ओतली, तर ती वाळूखालून जाऊन पलीकडे दुप्पट जोमाने फुटू लागली. सहा मिनिटं आनंदोत्सव चालू राहिला आणि त्या सहाही मिनिटांत कुणी हललं नाही.

एग्बर्टनी मागे वळून बघितलं. पापा डोळे मिटून बसले होते. तळवे फरशीवर दाबलेले, हात खुर्चीच्या हातांवर, हनुवटी थोडी वर. धूर त्यांच्या अंगावरून जात होता. आवाज संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "कुणी मारला?"

एग्बर्टनी पाटी घेतली. परवाना खिशात घातला, खडू उचलला. मग त्यांनी त्या गुडघेवाल्या पोराचं नाव लिहिलं.

"कुठल्या पायाने?"

त्यांनी 'डाव्या, सदतीसाव्या मिनिटाला' असं लिहिलं. पापांनी मान डोलावली आणि पाटी छातीशी धरून बसले. सामना आपण चार-शून्य हरलो. पाटीवर तो चार-एक झाला.

आता खोटं म्हटलं की त्याला माणसं लागतात. एग्बर्टनी हात जोडून साऱ्या गल्लीला विनवलं. गल्लीनेही मनावर घेतलं, जरा जास्तच घेतलं. येणारा-जाणारा फाटकाशी थांबून पापांच्या पाटीवर त्या गोलची स्तुती लिहून जाऊ लागला. रिगोने तो वीस पावलांवरून मारला असं लिहिलं, न्हाव्याने डोक्याने असं लिहिलं, आणि दोघांचं फाटकातच भांडण झालं. ओर्सिना तांची मात्र या कटात नव्हत्या. त्यांच्या हिशेबी खोटं काही नव्हतंच. यजमानांनी मिनिट अचूक सांगितलं होतं, आणि ऑफसाइडचा नियम त्या माणसाला जिवंतपणीही कधी समजला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी इसेनिया आले. काखेत फाइल होती, पूर्तता अहवालाची. व्हरांड्यात पापा बसलेले, आणि अहवालातला पहिलाच प्रश्न होता, नमूद कारण प्रत्यक्षात घडले काय. 'नाही' लिहिलं की नाव फलकावर. 'हो' लिहिलं की सरकारी कागदावर उपमुख्याध्यापकाची खोटी सही. फलकाचं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मुलांना जन्मभर खरं बोलायला सांगितलं, आता त्यांच्या आईबापांनी फलकावर वाचावं. पण 'नाही' हे पापांच्या देखत लिहायचं होतं.

"लिहा," ते हळूच म्हणाले, "नाही."

"तुमचं म्हणणं ग्राह्य नाही, सर," इसेनिया म्हणाले. "तुम्ही अर्जदार आहात. त्या पत्त्यावरच्या सर्वांत वयस्क रहिवाशाची साक्ष लागते."

"अहो, सामना तुम्हीही पाहिला असेल."

"पाहिला ना. पण माझ्या पाहण्याला यात रकाना नाही."

त्यांनी खुर्ची ओढली, पापांसमोर बसले, पाटी मागून घेतली आणि छापल्यासारख्या अक्षरांत लिहिलं, गोल झाला काय. पापांनी पाटी वाचली. मग इसेनियांकडे बघितलं, त्यांच्या फाइलीकडे बघितलं, आणि शेवटी लेकाकडे बघितलं.

"झाला," पापा म्हणाले. "सदतीसाव्या मिनिटाला. डाव्या पायाने."

इसेनियांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. खेळाडूचं नाव विचारलं, तेही लिहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पापांची सही घेतली, खिशातून शिक्का काढून त्यावर फुंकर मारली आणि तो कागदावर दाबला. एक प्रत एग्बर्टच्या हातात देऊन ते म्हणाले, प्रकरण बंद झालं, आणि आपली फाइल काखेत मारून चालते झाले. कुठल्याही नोंदवहीत नसलेला तो गोल परवाना खात्यात कायमचा जमा झाला.

एग्बर्ट तो कागद हातात धरून तिथेच उभे होते. पापांनी आपले बूट पायांनी चाचपून जवळ ओढले.

"ऑफसाइड होता ना?" ते म्हणाले.

एग्बर्टनी पाटी उचलली. कुणी सांगितलं, एवढंच त्यांनी लिहिलं.

"सांगायला कशाला पाहिजे? गोल झाल्यावर माणसं म्हाताऱ्याला असं खुर्चीत सोडून देत नाहीत. अंगावर पडतात. बरगड्या मोडेपर्यंत आवळतात. एवढी माळ फुटली आणि माझ्या अंगावर कुणी पडलं नाही." पापांनी एक बूट चढवला. "तू एवढं मन लावून लिहिलं होतंस, म्हटलं असू दे. आणि माझ्या पोराला फलकावर लावणारा तो कोण टिकोजीराव?"

एग्बर्टनी पाटी खाली ठेवली. शिक्क्याचा कागदही ठेवला. मग अठ्ठावन्न वर्षांचे उपमुख्याध्यापक पीटरनेला, भर दुपारी, रस्त्यावरून कुणालाही दिसेल अशा व्हरांड्यात, बापाच्या अंगावर पडले. खुर्ची करकरली. समोरच्या खिडकीतून ओर्सिना तांची बघत होत्या आणि एग्बर्टना त्याचं काही वाटलं नाही.

"अरे हळू," पापा त्यांच्या पाठीवर थापट्या मारत म्हणाले, "माझा चष्मा."